पारपत्र एक, नियम अनेक

भारतीय कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व पत्करणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व 1955 च्या कायद्यातील कलम 9 नुसार संपुष्टात येते आणि परदेशी पारपत्र हा त्याचा निर्णायक पुरावा समजला जातो. तत्त्व स्वच्छ आहे. गोंधळ आहे तो अंमलबजावणीत. गोवा हे त्याचे ठळक उदाहरण.

19 डिसेंबर 1961 पूर्वी गोवा, दमण व दीव येथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग खुला आहे. लिस्बनमध्ये जन्मनोंद झाली की पोर्तुगालच्या लेखी ती व्यक्ती पोर्तुगीज ठरते. भारतीय नियमांत निर्णायक पुरावा मात्र पारपत्राचा. या दोन तारखांच्या मधल्या काळात वापरलेले भारतीय पारपत्र वैध की अवैध, हा वादाचा गाभा आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने, माहिती दडवल्याच्या कारणावरून, अशी पारपत्रे परत घेण्याऐवजी रद्द करण्याचे धोरण स्वीकारले. साहजिकच प्रत्यार्पण प्रमाणपत्र मिळेना आणि त्यावाचून ‘ओसीआय’ कार्डही मिळेना. एप्रिल 2024 मध्ये रद्दीकरणाचे प्रमाणपत्र पर्याय म्हणून स्वीकारण्याची सवलत जाहीर झाली. पण परिपत्रकाने दिलेले परिपत्रकानेच काढूनही घेता येते.

2005 च्या दुरुस्तीतून आलेल्या ‘ओसीआय’च्या नावात नागरिकत्व असले, तरी ते नागरिकत्व नव्हे. कार्डधारकाला मताधिकार नाही, शेतजमीन खरेदी करता येत नाही. 2021 पासून पत्रकारिता व संशोधनासाठीही विशेष परवानगी लागते. व्यवहारात तो आजीवन प्रवेशपरवाना आहे. मात्र ज्याचे वृद्ध आईवडील सासष्टीत वा बार्देशात आहेत, त्याच्यासाठी दरवेळी व्हिसाची याचना न करता घरी येण्याची वाट तीच.

1920 चा पारपत्र प्रवेश कायदा आणि 1946 चा परकीय नागरिक कायदा यांच्यासह चार जुन्या कायद्यांची जागा 1 सप्टेंबर 2025 पासून एका कायद्याने घेतली. तीच सुसूत्रता नागरिकत्व सोडण्याच्या प्रक्रियेतही यायला हवी. फसवणूक आणि अज्ञान यांत भेद करावा, पारपत्र रद्द करण्यापूर्वी बाजू ऐकून घ्यावी, निर्णयाला मुदत असावी आणि हे सारे परिपत्रकात नव्हे, नियमांत लिहिलेले असावे. एकनिष्ठा मागण्याचा अधिकार राज्यसंस्थेला निश्चितच आहे. परंतु प्रामाणिकपणे पारपत्र परत करायला आलेला माणूस गुन्हेगार ठरू लागला, तर उद्या ते परत करायला कोणी येणार नाही.