कुलवृत्तांतात न छापलेला रकाना

कोकणातील माणूस लष्करी चाकरीपायी कोठवर गेला, हे पाहावयाचे तर महूकडे पाहावे. १८१८ साली इंग्रजांनी वसविलेल्या या छावणीत रत्नागिरीकडील सुभेदार रामजी सकपाळ नोकरीस होते आणि तेथेच १८९१ मध्ये बाबासाहेबांचा जन्म झाला. अशी कितीतरी घराणी माळव्यात विखुरली. एक भाऊ महूला, दुसरा मुंबईच्या गिरणीत, तिसरा गावच्या घरी. तिघेही ऐन उमेदीत ‘पोटाच्या दुखण्याने’ गेले, तर त्या तीन मृत्यूंचा संबंध कोणी जोडावयाचा?

तो जोडावाच लागतो असा एक आनुवंशिक विकार आहे. त्यात किशोरवयापासून मोठ्या आतड्याच्या अस्तरावर शेकडो, प्रसंगी हजारो गाठी उगवतात. वेळीच शस्त्रक्रिया न झाल्यास चाळिशीच्या सुमारास कर्करोग जवळजवळ अटळ. दोष ‘एपीसी’ या जनुकात असतो. तो १९९१ साली सापडला. आईबापांपैकी एकात तो असला की प्रत्येक अपत्याला, मग मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याचा संभव निम्मा.

आता या कथेत जिवाणूंचाही प्रवेश झाला आहे. अशा रुग्णांच्या आतड्यात दोन जातींच्या जिवाणूंचे थर चिकटलेले असल्याचे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांना २०१८ साली आढळले. या जाती निरोगी पोटातही असतात. येथे मात्र त्यांचे विषारी वाण एकत्र नांदत होते. एकाचे विष पेशींतील जनुकद्रव्य दुखावते, दुसऱ्याचे दाह वाढविते. उंदरांना दोन्ही मिळून दिल्यावर गाठी अधिक झाल्या. बीज कुळाचे, खतपाणी जिवाणूंचे, असा हा प्रकार दिसतो.

यावरून ‘उपकारक जिवाणूं’च्या महागड्या कुप्या विकणारे पुढे सरसावतीलच. ताक जरूर प्यावे; त्याने या गाठी जात नाहीत. सिद्ध उपाय जुनाच आहे: दहा-बारा वर्षांच्या वयापासून दुर्बिणीतून नियमित तपासणी आणि गाठी बळावल्या की मोठे आतडे काढून टाकणे.

अडते ते सोयरिकीपाशी. थोरल्याचे दुखणे धाकटीच्या लग्नाआड येईल म्हणून घरे गप्प राहतात, आणि ते मौन पुष्कळदा धाकटीच्याच जिवावर बेतते. आमच्याकडे कुलवृत्तांत छापण्याची हौस मोठी. त्यात गोत्र, कुलदैवत, वतने, पदव्या सारे असते. कोण कोणत्या वयात व कशाने गेला, एवढेच नसते. मुंबईच्या टाटा रुग्णालयात आनुवंशिक कर्करोगाविषयी तपासणी व सल्ला मिळतो; महूहूनही माणूस तेथे पोहोचू शकतो. पण तेथे प्रथम घराण्याचीच माहिती लागते. हा रकाना छापू नये, हे आम्हांस मान्य आहे. घरच्या वहीत तो आजोबा-आजींच्या हयातीतच भरून घ्यावा.