ग्वाल्हेरला न गेलेली राजकन्या

बडोद्याच्या आणि ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी मंडळींत इतिहासाची गोष्ट निघाली, की एक हळहळ हमखास व्यक्त होते. गायकवाडांची कन्या शिंद्यांच्या घरी नांदली असती, तर उत्तरेतील मराठेशाहीचे चित्र निराळे दिसले असते, असे म्हणतात. त्या हळहळीत तथ्य किती, हे पाहण्याजोगे आहे.

सयाजीराव महाराज आणि दुसऱ्या चिमणाबाई यांची एकुलती कन्या इंदिराराजे हिचा जन्म १८९२ चा. तिचा विवाह माधवराव शिंदे यांच्याशी ठरला होता. महाराज तिच्याहून सुमारे सोळा वर्षांनी वडील. त्यांच्या प्रथम पत्नी हयात होत्या, परंतु त्यांना अपत्य नव्हते.

हे वाचून आज कपाळावर आठी पडेल. पण ग्वाल्हेरच्या गादीचा पूर्वेतिहास ध्यानात घेतला पाहिजे. महादजींना दौलतराव दत्तक, दौलतरावांच्या पश्चात १८२७ साली जनकोजीराव दत्तक, आणि १८४३ साली त्यांच्या पश्चात जयाजीराव दत्तक! या शेवटच्या दत्तविधानानंतर अज्ञान राजाचा कारभार कोणी पाहावा यावरून असा तंटा माजला, की त्याच वर्षी २९ डिसेंबरला महाराजपूर आणि पनिहार येथे एकाच दिवशी इंग्रजांशी दोन लढाया होऊन शिंद्यांची फौज पराभूत झाली. अशा घरात पाळणा हलत नाही ही केवळ घरची चिंता राहत नसे. खुद्द सयाजीरावही १८७५ साली कवळाण्याहून दत्तक आलेले. त्यांना ही निकड समजावून सांगावी लागली नसेल.

तरीही एक विसंगती डोळ्यांआड करवत नाही. १९०४ साली बालविवाहाला कायद्याने आळा घालणारे हे महाराज. हिंदी स्त्रीच्या स्थितीविषयीचा चिमणाबाईंचा इंग्रजी ग्रंथ १९११ सालीच प्रसिद्ध झाला. लेकीला त्यांनी कॉलेजचे शिक्षण दिले, आणि मग तिला सवतीवर, पडद्याच्या घरी देऊ केले. शिकविलेली मुलगी केव्हातरी स्वतःचा विचार करील, एवढे मात्र दोघांच्याही ध्यानात आले नसावे.

डिसेंबर १९११ मध्ये दिल्लीला बादशहाचा दरबार भरला. सयाजीरावांनी रीतीप्रमाणे मुजरा केला नाही म्हणून जे काहूर उठले, ते सर्वश्रुत आहे. त्याच दिल्लीत इंदिराराजांचे मन कूचबिहारचे राजपुत्र जितेंद्रनारायण यांच्यावर जडले. तिने आईवडिलांना न सांगता परस्पर माधवरावांना पत्र लिहून विवाहास नकार कळविला. या पत्राचा अर्थ काय, अशी ग्वाल्हेरहून तार आली, तेव्हा कुठे घरात प्रकार उघड झाला. माधवरावांनी मात्र मोठेपणा राखला. पुढे सयाजीरावांना लिहिलेल्या सौजन्यपूर्ण पत्राखाली त्यांनी ‘आपला पुत्र’ अशी सही केली. नकार पचविणारे राजे इतिहासात फारसे आढळत नाहीत. या माणसाची आठवण त्यासाठीही ठेवावी.

कूचबिहारचे घराणे बंगालकडचे, जात निराळी, धर्मसंस्कार ब्राह्मसमाजाचे. जितेंद्र धाकटे, म्हणजे गादीची आशा नाही. आणि त्या घरी मद्याचा सुळसुळाट! आईवडिलांनी दीड वर्ष विरोध केला. अखेर ऑगस्ट १९१३ मध्ये लंडनला विवाह झाला, तोही त्यांच्या अनुपस्थितीत. आठवड्याभरातच थोरले बंधू निवर्तले आणि जितेंद्र महाराज झाले. मद्याविषयीची भीती मात्र खरी ठरली. १९२२ च्या डिसेंबरात ते गेले. तिशीतील इंदिराराजांच्या पदरी पाच मुले आणि एक राज्य राहिले. (याच व्यसनाने बडोद्याचे राजपुत्रही ऐन तारुण्यात ग्रासले गेले होते, हेही नमूद केले पाहिजे. संकट फक्त परक्या घरीच होते असे नव्हे.)

आता ग्वाल्हेरला गेली असती तर? माधवराव १९२५ साली पॅरिसला वारले. म्हणजे वैधव्य तेथेही होते, केवळ अडीच वर्षे उशिरा. माधवरावांनी पुढे गोव्याच्या राणे घराण्यातील गजराराजांशी विवाह केला, त्यांना १९१६ साली जिवाजीराव झाले. इंदिराराजांचे जगद्दीपेंद्र १९१५ च्या डिसेंबरातले. दोन्ही मुले अल्पवयात गादीवर आली, दोघांनाही अधिकार १९३६ सालीच मिळाले. दोन्ही राज्ये तोवर राजप्रतिनिधींच्या हाती होती. कूचबिहारला ती सूत्रे इंदिराराजांनी स्वतः सांभाळली.

राज्यांचे भवितव्य या विवाहाने बदलले नसते, असे माझे स्पष्ट मत आहे. संस्थानिकांनी परस्पर राजकीय मसलती करण्याची सोय इंग्रजांनी केव्हाच ठेवली नव्हती. १९४८ साली मध्यभारत झाला, १९४९ साली बडोदे मुंबई राज्यात गेले. एखाद्या सोयरिकीने यातले काय टळणार होते?

बदलली असती ती माणसे. जिवाजीराव जन्मले नसते, तर १९४१ साली सागरच्या लेखा दिव्येश्वरी या विजयाराजे होऊन ग्वाल्हेरला आल्या नसत्या. मराठा सरदारांची त्या विवाहावर नाराजी होती; परंतु शिंद्यांचे घर राज्य गेल्यावर लोकसभेत नेले ते याच सुनेने, १९५७ साली. आणि लंडनला १९१९ साली इंदिराराजांच्या पोटी आलेली कन्या गायत्रीदेवी जयपूरची महाराणी झाली नसती. १९६२ साली प्रचंड मताधिक्याने निवडून येण्याचा प्रश्नच नव्हता.

इंदिराराजे १९६८ साली मुंबईस वारल्या. पुढचे त्यांनी पाहिले नाही. १९७५ च्या आणीबाणीत त्यांची कन्या आणि माधवरावांची सून, दोघीही दिल्लीच्या तिहार तुरुंगात एकाच वेळी होत्या. १९११ साली न जुळलेल्या त्या दोन घरांची गाठ पडली ती तिथे.