जोडणीचा खेळ

खेळण्यांच्या पेट्यांनी कपाट भरले, म्हणजे संग्रह सार्थकी लागला असे नाही. जोडणीच्या खेळाचे मोल तो मोडून पुन्हा जोडण्यात आहे. इंग्लंडमधील लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी आपल्या मुलांसाठी असा खेळ रचला आणि १९०१ साली त्याचे पेटंट मिळविले. तोच पुढे ‘मेकॅनो’ म्हणून प्रसिद्ध झाला. त्याच्या धातूच्या पट्ट्यांवर अर्ध्या-अर्ध्या इंचावर छिद्रे असल्यामुळे आज ज्या पट्ट्यांचा पूल होतो, त्यांचीच उद्या यारी होते. १९३४ साली मँचेस्टर विद्यापीठात हार्ट्री व पोर्टर यांनी मुख्यतः याच खेळाच्या भागांतून अवघड गणिते सोडविणारे यंत्र उभारले! पूल वाकला, तर मुलाने स्क्रू सैल करावेत, चूक शोधावी व तो पुन्हा बांधावा. हाताला लागलेली ही सवयच संग्रहातील खरी संपत्ती होय.