‘कट’ झाला की थांबा

तलासरीहून आच्छाडचा नाका ओलांडला की गुजरात. बोर्डी-झाईकरांना उंबरगाव त्याहून जवळ. तिकडे पेट्रोल स्वस्त, म्हणून इकडच्या गाड्या तिकडच्या पंपांवर जातात. पैसे वाचवण्यात गैर काहीच नाही. पण एवढ्या लांब आलोच आहोत तर नोझल आपोआप ‘कट’ झाल्यावरही ‘अजून भरा’ म्हणत गळ्यापर्यंत टाकी भरून घ्यायची, ही सवय वाईट. पुढे गाडी गॅरेजात येते तेव्हा तक्रारी ठरलेल्या असतात : चेक इंजिनचा दिवा लागलाय, पेट्रोल भरल्यावर गाडी लवकर सुरू होत नाही, मागून वास येतो.

पेट्रोल उभ्या गाडीतही उडत असतं. ती वाफ बाहेर पडू नये म्हणून टाकीला सक्रिय कोळशाचा डबा जोडलेला असतो. त्याला कॅनिस्टर म्हणतात. गाडी उभी असताना कोळसा वाफ धरून ठेवतो. इंजिन चालू झालं की पर्ज व्हॉल्व्ह उघडतो, डब्यातून ताजी हवा खेचली जाते आणि साठलेली वाफ इंजिनात जळते. हा कोळसा वाफेसाठी आहे. टाकी काठोकाठ भरली तर पेट्रोलच डब्यात शिरू शकतं. कोळसा भिजला की बहुधा डबाच बदलावा लागतो आणि सीमेपलीकडे वाचवलेले पैसे त्यात जातात.

असा दोष आला की स्कॅनर लावून कोड पुसायचा आणि गाडी परत द्यायची, हे मला मान्य नाही. दिवा विझतो, दोष राहतो. कोड ही तपासाची सुरुवात आहे. स्वस्तातून महागाकडे जावं. आधी टाकीचं झाकण आणि त्याचं रबर पाहा. मग टाकीपासून इंजिनापर्यंतचे पाइप : कुठे तडा आहे का, उंदरांनी कुरतडलेत का. किनाऱ्यालगतच्या गाड्यांत खाऱ्या हवेने प्लगच्या पिना गंजतात, त्या साफ करा. मग पर्ज व्हॉल्व्ह काढून फुंका. वीज नसताना त्यातून हवा जाता कामा नये. जात असेल, तर पेट्रोल भरल्यावर गाडी का अडते याचं उत्तर मिळालं. टाकी अर्धीही भरली नसताना नोझल पुन्हा पुन्हा कट होत असेल, तर डब्याची हवेची वाट धुळीने किंवा कुंभारमाशीच्या मातीने बुजलेली असू शकते. एवढ्यावरही गळती सापडली नाही, तर कमी दाबाचा धूर सोडून शोधतात. तिथे टायरच्या हवेचा पाइप कधीही लावू नका. तो दाब टाकीला झेपत नाही आणि पेट्रोलची वाफ पेट घेऊ शकते.

गाडीमालकांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेले बीएस-६ निकष युरोपच्या धर्तीचे आहेत. पर्ज व्हॉल्व्हची विजेची जोडणी तुटली तर दिवा लागतो, पण अमेरिकेतल्या गाड्यांसारखा बारीक गळतीचा शोध त्यात सक्तीचा नाही. पीयूसीची नळी तर फक्त सायलेन्सरमध्ये जाते. म्हणजे डहाणू रोड स्टेशनाबाहेर दिवसभर उन्हात वाफ सोडत उभी असलेली गाडीही खिशात पीयूसी बाळगून असते.

आणि ही डहाणूची हवा आहे. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला गेला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली तालुक्याच्या पर्यावरणाच्या रक्षणासाठी प्राधिकरण आलं. इथल्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमणीतला गंधक धुऊन काढणारी यंत्रणा बसावी म्हणून इथली माणसं वर्षानुवर्षं भांडली. पेट्रोलच्या वाफेत कर्करोगाला कारण ठरणारं बेंझीन असतं. हीच वाफ उन्हात, महामार्गावरच्या ट्रकांच्या धुराशी मिळून जमिनीलगत ओझोन तयार करते. तो फुप्फुसांना त्रास देतो आणि झाडांच्या पानांनाही. चिकूवर जगणाऱ्या तालुक्याने चिमणीकडे पाहावं आणि टाकीकडे पाहू नये, हे बरोबर नाही.

माझी मागणी साधी आहे. पीयूसी केंद्रावर टाकीच्या झाकणाची दाबचाचणी घ्या. अमेरिकेतल्या काही राज्यांनी ती घेतली आहे आणि तिला काही मिनिटं पुरतात. आयटीआयच्या मुलांना ही तपासणी हाताने करायला शिकवा. तोवर पंपावर नोझल कट झाला की आपणच म्हणावं : बास, झाकण लावा.