मागच्या बाकावरच्या मुलाच्या रक्तात शिसे आहे का, हे कोण तपासणार?

शाळेत मागच्या बाकावर बसणारा तो मुलगा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. शिकवलेले त्याच्या लक्षात राहत नाही, तो एका जागी बसत नाही, लवकर चिडतो. शिक्षक त्याला 'ढ' म्हणतात. घरचे नशिबाला दोष देतात. आणि तो कोणत्या वस्तीतला आहे हे कळले, की काही लोक 'गुणवत्ते'वरचे जुनेच भाषण सुरू करतात. या मुलाच्या रक्तात शिसे आहे का, हे मात्र कोणीच तपासत नाही.

हा प्रश्न हवेतला नाही. युनिसेफ आणि 'प्युअर अर्थ' या संस्थेने २०२० मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यातील अंदाजानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे आहे. त्यांपैकी तब्बल २७.५ कोटी मुले भारतातील आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनुसार या पातळीला शिसे कुठून येते हे शोधून ते थांबवायला हवे. आणि त्याहून कमी शिसे सुरक्षित आहे, असेही ही संघटना म्हणत नाही.

शिसे नेमके काय करते?

शिशाला वास नाही आणि त्याची विषबाधा सहसा ताप किंवा उलटीने समोर येत नाही. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवते. मोठ्या माणसाच्या तुलनेत लहान मुलाचे शरीर चार ते पाच पट शिसे शोषून घेते, तेही मेंदू घडत असण्याच्या वयात. बुद्धी, एकाग्रता आणि वागणूक यांवर होणारा परिणाम बहुधा कायमचा असतो. रक्तातले शिसे खूपच वाढले तर ते बाहेर काढण्याची औषधे आहेत, पण गेलेली बुद्धी ती परत आणत नाहीत. म्हणून प्रतिबंध हाच खरा उपचार.

शरीरात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर शिसे आणखी जास्त शोषले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील पाच वर्षांखालील ६७ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. महाराष्ट्रात हे प्रमाण जवळपास ६९ टक्के होते. म्हणजे ज्या घरात पोषण कमी, तिथेच विषही जास्त भिनते. आणि याच सर्वेक्षणात मुलांच्या रक्ताचा थेंब हिमोग्लोबिनसाठी तपासला गेला, शिशासाठी नाही. जे मोजलेच नाही, त्यासाठी सरकारला जाब कसा विचारणार?

कायदे आहेत, पण वस्तीपर्यंत पोहोचले का?

२००० साली देशात शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावे, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. कागदावर हे सगळे चांगलेच आहे.

पण जगातील बहुतांश शिसे बॅटऱ्यांमध्ये जाते. इन्व्हर्टरची, रिक्षाची बॅटरी संपली की ती अनेकदा भंगारात जाते आणि कुठल्या तरी शेडमध्ये हातोड्याने फोडून, उघड्या भट्टीवर वितळवली जाते. ती धूळ जमिनीत मुरते, कामगाराच्या कपड्यांवरून घरी येते, रांगणाऱ्या बाळाच्या हातातून तोंडात जाते. या साखळीच्या सर्वात खालच्या पायरीवर कोण उभे आहे, हे आपल्याला कोणी सांगायला नको. म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे: बॅटरी फोडणारा कामगार गुन्हेगार नाही, तो पहिला बळी आहे. त्याची शेड नुसती पाडून चालणार नाही. त्याला सुरक्षित, परवानाधारक केंद्रात काम मिळाले पाहिजे.

बॅटरी हा एकच मार्ग नाही. जुन्या रंगाच्या भिंती कोरड्या खरवडल्या की उडणारी धूळ, शेंदूर, डोळ्यांत घालायचा सुरमा, शिसे मिसळलेल्या कथिलाची कल्हई आणि रंग चकाकावा म्हणून भेसळ केलेली हळद, हेही मार्ग आहेत.

बांगलादेशाने करून दाखवले

हळदीत लेड क्रोमेट हा पिवळा रंग मिसळला जातो, हे बांगलादेशात संशोधकांनी २०१९ मध्ये पुढे आणले. तिथल्या अन्न सुरक्षा यंत्रणेने बाजारांत सूचना लावल्या, व्यापाऱ्यांना दंड केला आणि त्या कारवाईची बातमी घराघरांत पोहोचवली. २०१९ मध्ये बाजारातील ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडले होते, २०२१ मध्ये एकाही नमुन्यात सापडले नाही. लोकांना माहिती आणि यंत्रणेची कारवाई एकत्र आली, की दोन वर्षांत एवढे होऊ शकते.

आपण काय मागायचे, काय करायचे?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या आणि शाळांत जाऊन मुलांची तपासणी करतातच. त्यात जोखमीच्या वस्त्यांतील मुलांची शिशाची चाचणी जोडा, ही आपली पहिली मागणी असली पाहिजे. बोटाच्या रक्ताची चाचणी काही मिनिटांत होते. आकडा जास्त आला तर शिरेतील रक्त घेऊन खात्री करावी लागते. दुसरी मागणी: बॅटरी फोडण्याच्या जागांची यादी आणि तिथल्या मातीची तपासणी जाहीर करा.

आपल्या हातातही बरेच आहे. रंगकाम करताना भिंत ओली करून घासा आणि तेव्हा मुलांना व गरोदर बाईला लांब ठेवा. फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. जेवणाआधी मुलांचे हात धुवा. भट्टीवर काम करणाऱ्याने कपडे आणि चपला घराबाहेर बदलाव्यात.

दर ऑक्टोबरमध्ये जगभर शिसे विषबाधा प्रतिबंध सप्ताह पाळला जातो. त्याच महिन्यात धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी लाखो लोक दीक्षाभूमीवर येतात आणि पिशव्या भरून पुस्तके घरी नेतात. त्या पुस्तकांच्या स्टॉलवर या विषयाचे एक पानी पत्रक का असू नये? आरोग्य शिबिरात डॉक्टरांना हा प्रश्न का विचारू नये? ज्या समाजाने शिक्षणाच्या बळावर स्वतःला उभे केले, त्याच्या मुलांचा मेंदू पहिलीत जाण्याआधीच कोणी विषाने दुबळा करत असेल, तर तो आपल्या शिक्षणाच्या लढ्याचाच प्रश्न आहे.