आयुष केंद्र आणि आपल्या घरातील स्त्रीचे आरोग्य

सप्टेंबर २०२५ मध्ये आपले पंतप्रधान डॉ. नवीनचंद्र रामगुलाम भारतभेटीवर गेले होते. त्या वेळी भारताने आपल्या देशाला जे साहाय्य जाहीर केले, त्यात नवे सर शिवसागर रामगुलाम राष्ट्रीय रुग्णालय आहे आणि एक आयुष उत्कृष्टता केंद्रही आहे. बातमी आनंदाची आहे. परंतु अशा केंद्राचा उपयोग नेमका कोणाला आणि कसा व्हावा, याचा विचार आपण आतापासूनच केला पाहिजे. आज मी एकाच गोष्टीविषयी लिहिणार आहे. ती आपल्या प्रत्येक घरात घडते, पण तिच्याविषयी कोणी बोलत नाही.

पंचेचाळिशीच्या आसपास स्त्रीची पाळी अनियमित होऊ लागते. अचानक छातीतून गरम वाफ निघून चेहऱ्यापर्यंत चढते, दरदरून घाम येतो, रात्री झोप मोडते. कातडी कोरडी पडते व खाजते. मी स्वतः वर्गात फळ्याकडे तोंड करून पदराने घाम पुसला आहे. विद्यार्थ्यांना वाटले, बाईंना उकडते आहे. जुलै महिना होता आणि बाहेर गार वारा सुटला होता. हे चार दिवसांचे दुखणेही नव्हे. अमेरिकेतील एका दीर्घ अभ्यासात, ज्यांना वारंवार अशा झळा येत होत्या, त्यांच्यापैकी निम्म्या स्त्रियांना हा त्रास सात वर्षांहून अधिक काळ झाला.

आयुर्वेदात या अवस्थेला रजोनिवृत्ती म्हणतात. सुश्रुतसंहितेत पाळी बाराव्या वर्षाच्या सुमारास सुरू होते आणि पन्नाशीला थांबते, असे सांगितले आहे. म्हणजे हा रोग नव्हे, वयाचा एक टप्पा आहे. तारुण्यात पित्ताचा जोर असतो, उतारवयात वाताचा. हा बदल होताना उष्णता आणि कोरडेपणा एकत्र जाणवतात. म्हणून वैद्याचा उपाय दुहेरी असतो, थंडावा देणे आणि स्निग्धता देणे.

यातील पुष्कळसे आपल्या आज्यांना ठाऊक होते. स्नानापूर्वी अर्धा तास अंगाला तेल चोळावे. थंडीत तिळाचे कोमट तेल घ्यावे, उन्हाळ्यात खोबरेल. पाणी कढत नको, कोमट असावे, आणि रोज साबणाऐवजी कधी बेसन व दूध लावावे. जेवणात मूग, दुधी, काकडी, ताक आणि चमचाभर तूप असावे. तिखट, तळलेले, कडक चहा आणि मद्य कमी करावे. संध्याकाळच्या मिरचीच्या गातो पिमांवर थोडा संयम ठेवावा लागेल, हे मी स्वतःलाही सांगते! धने-जिरे रात्री भिजवून सकाळी ते पाणी गाळून घेण्याची रीतही जुनी आहे. या उपायांना फारसा खर्च नाही आणि धोकाही नाही. तेलाने कोरड्या कातडीला आराम पडतो, हे कोणालाही अनुभवता येते. झळा मात्र यांनी पूर्ण थांबतीलच, असे कोणी वचन देऊ नये.

खरी अडचण बाटल्यांपासून सुरू होते. माझ्या एका सहशिक्षिकेला झळा येत, छाती धडधडे, वजन उतरत होते. नात्यातल्या कोणी मुंबईहून अश्वगंधाचे चूर्ण आणून दिले. "वयाचे आहे, याने बरे वाटेल," असे सगळ्यांनी सांगितले. पाच महिने तिने ते घेतले आणि प्रकृती अधिकच बिघडली. शेवटी रुग्णालयात रक्त तपासले, तेव्हा थायरॉइड ग्रंथीचे काम वाढलेले निघाले. अश्वगंधाने थायरॉइडचे काम आणखी वाढू शकते, हे तिला कोणी सांगितले नव्हते. चूर्ण देणाऱ्याचा हेतू चांगला होता, पण आधी तपासणी झालीच नाही.

शतावरीचेही तसेच. या वयातील स्त्रीला वैद्य ती पुष्कळदा देतात. तिच्यावर झालेले अभ्यास आशादायक असले तरी लहान आहेत. शिवाय बाजारात मिळणाऱ्या शतावरी कल्पात साखर भरपूर असते, आणि आपल्या देशात प्रौढांपैकी सुमारे पाचांतील एकाला मधुमेह आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतील बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेली ७० आयुर्वेदिक औषधे तपासली, तेव्हा १४ औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. यात दोष आयुर्वेदाचा नाही. तपासणीविना विकण्याचा आहे.

दुसऱ्या बाजूलाही भीती आहे. झळांवर सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे संप्रेरकांची चिकित्सा. २००२ साली एका मोठ्या अमेरिकी अभ्यासानंतर जगभर स्त्रिया तिला घाबरल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये तेथील औषध खात्याने या औषधांवरील कडक इशाऱ्यांपैकी बरेचसे काढण्याचे जाहीर केले. ज्यांना स्तनाचा कर्करोग झालेला आहे किंवा रक्ताच्या गाठी होतात, त्यांना ही औषधे सहसा देत नाहीत. इतर अनेकींना ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेता येतात. पाळी वर्षभर थांबल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर मात्र कोणतेही चूर्ण न घेता त्वरित डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे.

आपल्याकडे आयुर्वेद व इतर पारंपरिक वैद्यकाविषयी १९८९ पासून कायदा आहे, आणि सरकारी रुग्णालयांतील उपचार विनामूल्य आहेत. म्हणजे पाया तयार आहे. नव्या केंद्राकडून माझ्या मते तीन अपेक्षा आहेत. एक, या वयाच्या स्त्रीची आधी रक्ततपासणी आणि रक्तदाब पाहावा, मग औषध. दोन, वैद्य आणि रुग्णालयातील डॉक्टर यांनी एकच नोंदवही पाहावी, म्हणजे कोण काय देतो ते दोघांनाही कळेल. तीन, बाहेरून येणारी चूर्णे व गोळ्या तपासून मगच विकू द्याव्यात. हे झाले नाही, तर सुंदर इमारत उभी राहील आणि आमच्या भगिनी पूर्वीप्रमाणे शेजारणीच्या सल्ल्यावरच चालतील.

काम केवळ सरकारचे नाही. आपल्या महिला मंडळांत हळदीकुंकवाच्या दिवशी अर्धा तास या विषयाला दिला, तर काय बिघडेल? पुरुषांनीही ऐकावे. घरातील स्त्री चिडचिडी झाली, असे म्हणण्याआधी ती रात्री किती वेळा उठते, हे विचारावे. आपल्या आईने हे सारे मुकाट्याने सोसले. आपल्या मुलींवर तशी वेळ येऊ नये.