दिवाण-इ-खासचे छत

पंढरपुरात विठ्ठलाच्या दर्शनाचे दोन मार्ग आहेत. ज्याच्यापाशी सवड आणि चिकाटी आहे तो पदस्पर्शाच्या बारीत तासन्‌तास तिष्ठतो, आणि ज्याला परतीची एसटी गाठावयाची आहे तो मुखदर्शन घेऊन, दुरूनच हात जोडून वाटेला लागतो. यात काही उणे आहे असे कोणी वारकरी म्हणणार नाही. देव भावाचा भुकेला आहे, आणि भाव असल्यास क्षणही पुरतो. परंतु यात्रेत अंगवळणी पडलेली ही मुखदर्शनाची रीत आपण राजधानीतल्या किल्ल्यांना, कबरींना आणि मिनारांना लावू लागलो, तेव्हा मात्र चुकलो. कारण दगडाच्या वास्तूला भावाची भूक नसते, तिला वेळ द्यावा लागतो, आणि तो न दिल्यास ती तोंड उघडीत नाही.

‘दिल्ली दर्शन’ या नावाने जो एक दिवसाचा सोहळा प्रसिद्ध आहे त्याचा क्रम बहुतेकांस ठाऊक असेल. सकाळी करोलबागेतल्या हॉटेलातून निघालेली बस सायंकाळपर्यंत लाल किल्ला, राजघाट, इंडिया गेट, कुतुबमिनार, कमळमंदिर आणि बिर्ला मंदिर एवढी स्थळे उरकते. (सोमवारी लाल किल्ला बंद असतो, तेवढीच त्या दिवशीच्या प्रवाशांची सुटका.) प्रत्येक ठिकाणी पाऊण तास, त्यातला अर्धा रांगेत आणि उरलेला छायाचित्रे काढण्यात. दुपारी परमुलखात श्रीखंडपुरी मिळाल्याचे वर्णन घरी परतल्यावर कुतुबमिनाराच्या वर्णनापेक्षा अधिक तपशिलाने केले जाते, याबद्दल माझी तक्रार नाही. श्रीखंड खरोखर उत्तम होते.

अशाच एका तुकडीबरोबर एका रविवारी मी लाल किल्ल्यात गेलो होतो. लाहोरी दरवाजातून आत शिरून, छत्ता चौकातल्या दुकानांच्या मोहातून माणसे सोडवीत, नौबतखाना आणि दिवाण-इ-आम मागे टाकून वाटाड्याने आम्हांस दिवाण-इ-खाससमोर आणून उभे केले, संगमरवरावरच्या सोनेरी फारसी ओळी घोळून म्हणून दाखविल्या, मयूरसिंहासन येथेच होते व ते १७३९ साली नादिरशहाने नेले असे सांगितले, आणि घड्याळाकडे पाहिले. तेवढ्यात आमच्यातल्या एका सेवानिवृत्त शिक्षिकाबाईंनी मान वर करून, आपल्या मराठी वळणाच्या हिंदीत, त्याला ‘भाऊ’ म्हणून हाक घातली आणि विचारले की, खाली एवढा संगमरवर असताना वर हे लाकडाचे छत कसे, मूळचे गेले कोठे? वाटाड्या हसला. “माताजी, वह तो आप ही के भाऊसाहब ले गये।”

क्षणभर कोणी बोलले नाही. मग कोणीतरी “चला, चला, उशीर होतोय” म्हणाले, आणि सारे चालू लागले.

वाटाड्याचे म्हणणे खरे होते. १७६०च्या ऑगस्टमध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा बादशाही खजिन्यात खडखडाट होता, फौज मोठी आणि तिच्यामागचे बुणगे त्याहून मोठे होते, यमुना दुथडी भरून वाहत असल्याने अब्दालीशी गाठ पडत नव्हती, आणि दक्षिणेतून यावयाच्या पैशाची वाट पाहून कारभारी थकले होते. तेव्हा दिवाण-इ-खासच्या छताची चांदी उतरवून, ती वितळवून, तिचे रुपये पाडण्यात आले. ते रुपये फार दिवस पुरले नाहीत. पुढचे पानिपत आपणां सर्वांस तोंडपाठ आहे, इतके की ते आपल्या भाषेत क्रियापदासारखे वापरले जाते. पण त्याच्या पाच महिने आधीचे हे छत मात्र आपल्या सांगण्यातून बहुधा गळालेले असते. भाऊंच्या बाजूने बोलावयाचे तर चांदी उतरविण्याचा धडा त्यांना त्याच किल्ल्याने घालून दिला होता. चार पावलांवरच्या रंगमहालाचे रुप्याचे छत फर्रुखसियर बादशहाच्या अमदानीत पैशाच्या निकडीपायी उतरविले गेले आणि त्या जागी तांब्याचे बसविले गेले होते. म्हणजे घरधन्यानेच आधी घराचे वासे विकावयास काढले होते. आणि हा फर्रुखसियर १७१९ साली तख्तावरून ओढला गेला त्या वेळी बाळाजी विश्वनाथ सय्यद बंधूंच्या साह्यास दिल्लीतच होते. स्वराज्याच्या, चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा व बंदिवासातून सुटलेल्या येसूबाई यांसह ते परतले. सनद ज्या दरबाराकडून घेतली त्याच दरबाराचे छत एकेचाळीस वर्षांनी उतरविले, असा हा जमाखर्च आहे.

पण तो येथे संपत नाही, आणि मला जे सांगावयाचे आहे ते या पुढच्या पानाविषयी आहे. त्याच दिवाण-इ-खासमध्ये, १७८८च्या ऑगस्टमध्ये, नजीबखानाचा नातू गुलाम कादिर याने लपविलेल्या खजिन्याच्या हव्यासापायी महालांच्या जमिनी खणल्या, राजघराण्यातल्या बायकामुलांची विटंबना केली आणि वृद्ध शहाआलम बादशहाचे डोळे काढले. या बादशहाला १७७२ साली अलाहाबादेहून आणून दिल्लीच्या तख्तावर बसविण्यात महादजी शिंदे पुढे होते, आणि वकील-इ-मुतलकीचा अधिकार पेशव्यांच्या नावे व नायबीचा महादजींच्या हाती याच बादशहाने दिला होता. ऑक्टोबरात महादजींच्या फौजेने, राणेखानाच्या हाताखाली, किल्ला घेतला, आंधळ्या बादशहाला पुन्हा गादीवर बसविले, आणि पळालेल्या गुलाम कादिरला धरून देहान्त शासन केले. त्यानंतर पंधरा वर्षे, म्हणजे ११ सप्टेंबर १८०३ रोजी यमुनेपलीकडे पटपडगंजच्या लढाईत जनरल लेकने शिंद्यांच्या पलटणींचा पराभव करीपर्यंत, या किल्ल्यावर शिंद्यांचा पहारा होता. लेक आत आला तेव्हा त्याला दिसला तो फाटक्या चांदव्याखाली बसलेला आंधळा बादशहा.

आपल्या राज्यगीतात दिल्लीचे तख्त राखल्याचा अभिमान आहे, आणि शाळाशाळांतून तो खणखणीत आवाजात गाइला जातो. तो खोटा नाही. मात्र ते तख्त कोणत्या दालनात होते, ते राखले म्हणजे नेमके कोणत्या साली कोणापासून राखले, हे त्या दालनासमोर उभे राहूनही आपण विचारीत नाही. आणि विचारीत नाही म्हणून, ज्या छताखाली राखले तेच छत अठ्ठावीस वर्षांपूर्वी आपण उतरविले होते, हेही आपल्या ध्यानात येत नाही. दोन्ही गोष्टी एकाच चौथऱ्यावर घडल्या. एक सांगून दुसरी गाळणारा मनुष्य मला इतिहासाचा प्रेमी वाटत नाही, मग तो गाळणारा आपला असो वा परका.

लाल किल्ला हा मुळात जे नाही ते पाहण्याचा किल्ला आहे. १६३९ ते १६४८ या काळात शाहजहानने जो उभारला त्याचा थोडाच भाग आज शिल्लक आहे. दालनादालनांतून वाहणारा तो नहर-इ-बिहिश्त कोरडा आहे. तटाच्या पायथ्याशी यमुना वाहत असे. ती पूर्वेकडे सरकली आणि तिच्या जागी आता मोटारींचा रस्ता वाहतो. १८५७ नंतर इंग्रजांनी आतले बहुतेक महाल, जनानखान्याचे चौकच्या चौक, पाडून टाकले व गोऱ्या शिपायांसाठी बराकी बांधल्या. दगडांचा अपराध एवढाच की त्यांच्या धन्याचा पराभव झाला होता. दिवाण-इ-आमच्या सिंहासनामागचे रत्नशिलांचे चित्रफलक एका इंग्रज अंमलदाराने उपटून विलायतेस नेऊन सरकारास विकले, आणि पुढे ते कर्झनने परत आणविले. दिवाण-इ-खासमध्येच १८५८ साली बहादूरशहावर खटला चालला. याच किल्ल्यात १९४५ साली आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला चालला, आणि १९४८ साली गांधीहत्येचा. त्यातले बहुतेक आरोपी कोणती भाषा बोलत होते हे मराठी वाचकास सांगण्याची गरज नसावी.

पाऊण तासात यातले काय दिसणार? माझे म्हणणे साधे आहे. सहा स्थळांऐवजी दोन घ्यावीत, आणि किल्ल्याला एक अख्खी सकाळ द्यावी. शासनाने तेथे मराठीतून पाटी लावावी अशी मागणी मी करणार नाही. पाट्या आपल्याकडे वाचण्यापेक्षा टेकण्याच्या कामी अधिक येतात. सहल काढणाऱ्यांनी मात्र श्रीखंडाइतकेच लक्ष वाटाड्याच्या निवडीकडे दिल्यास बिघडणार नाही. दिल्ली सावकाश पाहिलेल्या माणसाचे एक उदाहरण मला नेहमी आठवते. सर सय्यद अहमदखान यांना तरुणपणी कुतुबमिनाराच्या उंचावरचे शिलालेख खालून वाचता येईनात, तेव्हा त्यांनी शिंक्यासारखी एक टोपली दोरांनी टांगून घेतली आणि तीत बसून, अधांतरी लोंबकळत, ते लेख उतरून घेतले. त्यांचे ‘आसार-उस्-सनादीद’ १८४७ साली निघाले. दहाच वर्षांनी दिल्लीवर जो अनर्थ कोसळला त्यात या ग्रंथात नोंदलेल्या कित्येक इमारती भुईसपाट झाल्या, आणि त्या कशा होत्या हे पाहावयास आता तो ग्रंथच उरला. सर्वांनी टोपलीत बसावे असे नव्हे. निदान मान वर करावी.

त्या शिक्षिकाबाईंनी ती केली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे तुकडी आग्र्यास निघाली तेव्हा त्या आणि त्यांचे यजमान बसमध्ये नव्हते. ताजमहाल पूर्वी पाहिला आहे, आज पुन्हा किल्ल्यात जाऊन नीट पाहणार, असे त्यांनी व्यवस्थापकास कळविले होते. रात्री हॉटेलाच्या जेवणघरात भेटल्या तेव्हा मी विचारले. त्या हसू लागल्या. सोमवार होता, दरवाजा बंद. मग दोघे तटाच्या कडेकडेने चालत मागच्या बाजूस, पूर्वी जेथे नदी होती त्या रस्त्यावर गेले, आणि तेथील कठड्याला टेकून, तटावरून डोकावणारे संगमरवरी सज्जे बराच वेळ पाहत उभे राहिले. “त्यातलं आपलं दालन कुठलं, ते ह्यांनी बरोबर ओळखलं,” त्या म्हणाल्या.